सोसलं, आता शिकायचं

व्यसनातून बाहेर पडलेला माणूस नव्याने दाखल झालेल्याच्या शेजारी बसून बोलू लागतो, तेव्हा समोरचा ऐकतो. ज्याने डॉक्टरांचं, बायकोचं, मोठ्या भावाचं इतकी वर्षं मनावर घेतलं नाही, तोही ऐकतो. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची गरज नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली, हे अनेकांना ठाऊक असतं. त्या केंद्राचं दुसरं एक वैशिष्ट्य मात्र तितकं बोललं जात नाही. तिथे उपचार घेऊन व्यसनमुक्त झालेली माणसंच पुढे कर्मचारी आणि समुपदेशक म्हणून उभी राहिली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस तर १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन इथे दोन मद्यपींच्या भेटीतूनच जन्माला आली.

मानसिक आजारांच्या बाबतीत चित्र उलटं आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्यातून सावरलेला माणूस ती गोष्ट लपवतो आणि घरचे त्याहून जास्त लपवतात. रुग्णालयात तो परत येतो तो तपासणीला आणि गोळ्या न्यायला. याच माणसाला शिकवून, पगार देऊन वॉर्डात किंवा वस्तीत नेमायचं, ही कल्पना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक देशांत रुजली आहे. पीअर सपोर्ट वर्कर हे तिथलं पदनाम. या लेखात मी त्याला 'साथी' म्हणणार आहे. साथी होण्यासाठी काय शिकावं लागतं, ते कोण शिकवतं, त्याचा उपयोग होतो का आणि आपल्याकडे गाडी कुठे अडली आहे, एवढे प्रश्न इथे घेतो आहोत. माझं मत आधीच मांडून ठेवावं हे बरं. आजारपण सोसल्यामुळे माणसाला या कामाचं दार उघडतं, पण आतलं काम शिकल्याशिवाय येत नाही. आणि जी संस्था त्याला नेमणार, तिलाही तितकंच शिकावं लागतं. ही दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते.

कल्पना तशी जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झाँ-बाप्तिस्त प्युसँ नावाचा अधीक्षक होता. तो स्वतः तिथे गंडमाळेचा रुग्ण म्हणून आला आणि पुढे तिथेच कामाला राहिला. मनोरुग्णांची देखभाल करायला तो शक्यतो बऱ्या झालेल्या किंवा बऱ्या होत चाललेल्या रुग्णांनाच नेमायचा. ती माणसं मारहाण करत नाहीत, समोरच्याला माणूस म्हणून वागवतात, हा त्याचा अनुभव. मनोरुग्णांचे साखळदंड तोडण्याचं श्रेय इतिहासाने डॉ. फिलिप पिनेल यांना दिलं, पण बिसेत्रमधल्या साखळ्या १७९७ साली काढल्या त्या प्युसँने. पुढे १९०८ मध्ये क्लिफर्ड बिअर्स या अमेरिकी तरुणाने मनोरुग्णालयातल्या आपल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि त्यातून तिथली मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. १९७०च्या दशकात माजी रुग्णांनी आपल्या हक्कांसाठी स्वतःचे गट बांधले. हे सारं काम मात्र स्वेच्छेचं होतं. पगाराच्या नोकरीचं रूप त्याला आलं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. तिथे १९९९ पासून साथींच्या कामाचे पैसे मेडिकेड या सरकारी योजनेतून मिळू लागले आणि पैसे द्यायचे म्हणून प्रशिक्षण व प्रमाणपत्राची पद्धत बसली. २००७ साली मेडिकेडच्या केंद्रीय कार्यालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून तीन अटी घातल्या: साथीच्या कामावर देखरेख हवी, त्याचं काम रुग्णाच्या एकूण उपचार-आराखड्याशी जोडलेलं हवं आणि त्याने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेलं हवं. पुढे त्या देशात हे काम फोफावलं ते या पत्रामुळे. पैशाची वाट मोकळी झाल्यावर बाकीच्या वाटा सापडल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे. वर्गात शिकवतात काय?

सुरुवात होते ती स्वतःच्या गोष्टीपासून, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. पहिल्यांदा बोलायला मिळालेला माणूस सगळं सांगतो: कोणत्या साली पहिला झटका आला, कोणत्या बाबाकडे नेलं, शॉक किती दिले, नोकरी कशी गेली. ते सांगून त्याला हलकं वाटतं आणि तसं वाटण्याचा त्याला हक्क आहे. पण स्वमदत गटात मन मोकळं करणं वेगळं आणि कामावर असताना आपली गोष्ट वापरणं वेगळं. कामावर प्रश्न एकच असतो: माझ्या आयुष्यातला कोणता तुकडा, आत्ता, या समोरच्या माणसाच्या उपयोगाचा आहे? कधी तो दोन वाक्यांचा असतो. कधी काहीच न सांगता ऐकत बसायचं असतं.

एक प्रसंग कल्पनेने उभा करू. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर पस्तिशीची एक बाई बसली आहे. बायपोलरसाठी लिथियम घेते. शेजारी साथी आहे, तीही याच आजारातून गेलेली. बाई हळूच विचारते, "ताई, तुम्ही गोळ्या बंद केल्या होत्या का हो कधी?" साथीने एकदा बंद केल्या होत्या आणि त्यानंतर तिचे फार हाल झाले होते. शिक्षण नसेल तर तोंडातून तीनपैकी एक उत्तर निघतं. "अजिबात बंद करू नका, माझं काय झालं ऐका," हे पहिलं. त्याने समोरची घाबरते आणि गप्प होते. "हो, केल्या होत्या, एवढं काही होत नाही," हे दुसरं. ते धोक्याचं आहे. "हे डॉक्टरांना विचारा," हे तिसरं; ते बरोबर असलं तरी त्यासाठी साथीची गरज नव्हती, ते खिडकीवरच्या कारकुनानेही सांगितलं असतं. शिकलेली साथी म्हणते, "केल्या होत्या. त्याचं काय झालं तेही सांगेन. पण आधी तुमचं सांगा, आज हे मनात का आलं?" मग हळूहळू निघतं: हात थरथरतात, भाकरी नीट थापता येत नाही, नणंद त्यावरून बोलते, वजनही वाढलंय. "हे डॉक्टरांना बोललात?" "त्यांच्यासमोर दोन मिनिटं मिळतात, सुचतच नाही." "मग आपण दोघी आत्ता चार ओळी लिहून काढू. आत जाताना मी येऊ का तुमच्याबरोबर?"

लिथियमने हात थरथरणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. रक्तातलं प्रमाण तपासून, मात्रा कमी-जास्त करून डॉक्टर त्यावर पुष्कळ काही करू शकतात. पण ती गोष्ट त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवी. साथीने इथे सल्ला दिला नाही, निदान केलं नाही, औषधावर मत दिलं नाही. तरी त्या बाईच्या उपचारात त्या दिवशी झालेला सगळ्यात मोठा बदल तिने केला. हे जमायला सराव लागतो, म्हणूनच चांगल्या अभ्यासक्रमांत व्याख्यानं कमी आणि जोडीजोडीने केलेले असे सराव जास्त असतात.

दुसरी अवघड जागा गुप्ततेची. साथीवर विश्वास बसला की माणूस म्हणतो, "हे कुणाला सांगू नका." सांगण्यासारखं काही निघेल की न सांगण्यासारखं, हे आधी कळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट करायचं असतं, की जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी टीमला सांगेन, आणि सांगण्याआधी तुम्हाला सांगेन. आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे सरळ शब्दांत विचारायलाही शिकवावं लागतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती आपल्या समाजात खोलवर आहे आणि प्रशिक्षणार्थी ती घेऊनच वर्गात येतात. ती खरी नाही.

मर्यादांबद्दल मात्र मला परदेशी पुस्तिकांशी थोडं भांडायचं आहे. भेटवस्तू घेऊ नका, घरी जाऊ नका, खासगी नंबर देऊ नका, असे त्यांचे नियम. वस्तीत काम करताना दारात आलेल्या माणसाला चहा विचारला जातो, आणि तो नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान करणं. दोन-चार भेटींनंतर साथी कुणाचा दादा होतो, कुणाची मावशी. राखीही बांधली जाते. ही नाती तोडायला सांगणारी पुस्तिका इथे चालणार नाही. उसने पैसे, रात्री-अपरात्रीचे फोन, लग्नाच्या बोलणीत मध्यस्थी, नवरा-बायकोच्या भांडणात एकाची बाजू हे आपल्याकडचे खरे धोके आहेत आणि त्यांचे नियम इथल्याच माणसांनी बसून लिहायला हवेत.

शिवाय साथी स्वतः आजारी पडू शकतो. दुसऱ्याचं ऐकताना जुनी जखम उघडते, झोप जाते. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९९७ साली मेरी एलन कोपलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक आराखडा तयार केला, तो आज जगभर वापरात आहे. मी बरा असतो तेव्हा कसा असतो, बिघडायला लागलं की पहिल्या खुणा कोणत्या, तेव्हा मी काय करायचं आणि अगदीच ढासळलो तर कुणी काय करावं आणि काय करू नये, हे माणसाने ठीक असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं. प्रत्येक साथीकडे असा कागद असावा आणि तो कुठे आहे हे त्याच्या वरिष्ठाला माहीत असावं.

अभ्यासक्रमांचे घाट निरनिराळे आहेत. जॉर्जियाच्या धर्तीवरचे वर्ग आटोपशीर असतात आणि शेवटी परीक्षा असते. शेरी मीड यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये घडवलेल्या पद्धतीत देणारा-घेणारा हा भेदच मोडायचा प्रयत्न आहे. दोघांनीही त्या नात्यातून शिकावं अशी अपेक्षा. मला सगळ्यात विचारपूर्वक वाटतो तो युरोपात २००५ ते २००७ या काळात घडलेला आणि जर्मनीत घट्ट रुजलेला एक्स-इन हा अभ्यासक्रम. सुमारे ३०० तासांचा, वर्षभर चालणारा, मध्ये प्रत्यक्ष संस्थांत उमेदवारी. त्याचा गाभा असा, की माझा अनुभव हा फक्त माझा आहे. मला ध्यानाने बरं वाटलं म्हणून शेजाऱ्याला वाटेल असं नाही. मला गोळ्यांनी उभं केलं म्हणून सगळ्यांना करतील असं नाही. वर्गातल्या सगळ्यांचे अनुभव एकमेकांशेजारी ठेवून, त्यांतलं सारखं काय आणि वेगळं काय हे तपासून, मग त्यातून जे हाती येतं ते दुसऱ्यापर्यंत न्यायचं. आपल्याकडे प्रत्येक घरात बरं होण्याचा एक ठाम उपाय तयार असतो, तेव्हा ही शिस्त आपल्याला फारच हवी आहे.

उपयोग होतो का? प्रामाणिक उत्तर संमिश्र आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात ११ चाचण्या आणि २७९६ रुग्ण होते. साथींनी दिलेल्या सेवेचे परिणाम व्यावसायिकांच्या सेवेपेक्षा वाईटही नव्हते आणि सरसही नव्हते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधली एक चाचणी आली. तीव्र अवस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांना साथीच्या मदतीने स्वतःच्या आराखड्याची वही भरायला दिली, दुसऱ्या गटाला तीच वही नुसती टपालाने पाठवली. वर्षभरात पहिल्या गटातल्या २९ टक्के जणांना पुन्हा तीव्र उपचारांसाठी यावं लागलं, दुसऱ्यातल्या ३८ टक्के जणांना. चार वर्षांनी इंग्लंडमध्येच रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांसाठी मोठी चाचणी झाली आणि तिच्यात पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. आशा वाटणं, आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे असं वाटणं, या बाबतींत साथींचा उपयोग अनेक अभ्यासांत दिसतो, बहुधा थोडा, पण दिसतो. म्हणून कुणी हा रामबाण म्हणून विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि पुन्हा दाखल झाले किती, याच एका फुटपट्टीने मोजून कुणी हे काम निकालात काढत असेल, तर भाकरी थापता न येणारी ती बाई त्या फुटपट्टीवर कुठेच दिसत नाही, हे लक्षात घ्यावं.

आपल्याकडे या कामाची गरज वादातीत आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या लाखामागे एकही भरत नव्हती. जमीनही अगदी नापीक नाही. कॅलगरीत स्थायिक झालेल्या जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. 'देवराई' हा चित्रपट निघाला तो त्यांच्याच पुढाकाराने. भार्गवी दावर यांनी आईच्या वाट्याला आलेली मनोरुग्णालयं लहानपणी पाहिली होती. १९९९ मध्ये त्यांनी बापू ट्रस्ट उभा केला आणि पुण्याच्या वस्त्यांत काम नेलं. शुभार्थी (आजारातून जाणारी व्यक्ती) आणि शुभंकर (तिची काळजी घेणारे) हे शब्द आता अनेक स्वमदत गटांत सहज वापरले जातात. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना ताण-नैराश्य ओळखायला आणि धीर द्यायला शिकवलं. त्यामागची पुण्यातली संस्था, इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र, हिने साथींचं प्रत्यक्ष प्रशिक्षणही केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटीराइट्स कार्यक्रमात सहा सरकारी संस्थांमध्ये बरे झालेले शुभार्थी साथी म्हणून उतरले. पुढे अपसाइड्स या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जर्मनी, युगांडा, टांझानिया आणि इस्राइलच्या बरोबरीने हीच पुण्याची संस्था होती. पण साथींची ही दोन्ही कामं झाली गुजरातच्या रुग्णालयांत. पुण्यात लिहिलेला धडा अहमदाबादने गिरवला आणि येरवड्याला तो अजून गिरवायचा आहे, याची मला खंत वाटते.

कायदा आड येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने राज्य प्राधिकरणावर आजारातून गेलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा दिली आहे, पुनर्विलोकन मंडळांवरही शुभार्थी, शुभंकर किंवा त्यांच्या संघटनांसाठी दोन जागा आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत ठेवलं आणि सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांत वाटा दिला. अडतं ते नेमणुकीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, समाजकार्यकर्ता आहे, परिचारिका आहे. साथी नाही. पद नाही म्हणून वेतन नाही, वेतन नाही म्हणून अभ्यासक्रम नाही, आणि अभ्यासक्रम नाही म्हणून पद निर्माण करता येत नाही असं उत्तर येतं.

एचआयव्हीच्या बाबतीत मात्र याच सरकारी यंत्रणेने ही गाठ सोडवून दाखवली आहे. सांगलीत १९९२ पासून संग्राम या संस्थेने आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने हे दाखवून दिलं, की वस्तीतली बाईच वस्तीतल्या बाईपर्यंत पोहोचते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या प्रकल्पांत दर ६० स्त्रियांमागे एक पीअर एज्युकेटर असा आकृतिबंधच ठरलेला आहे, आणि एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रावर केअर कोऑर्डिनेटर म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीची नेमणूक होते. मानधन तुटपुंजं आहे, त्यावर तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण पद आहे, प्रशिक्षण आहे, कामाचं वर्णन कागदावर आहे. जे एका आजारात जमलं ते दुसऱ्यात न जमण्याचं कारण मला सापडत नाही.

एक अडचण मात्र खरी आणि मोठी आहे. साथी होणं म्हणजे आपला आजार जाहीर करणं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार विवाहाच्या अटींतही येतो आणि घटस्फोटाच्या कारणांतही. धाकट्या बहिणीचं स्थळ जमायचं असताना भाऊ साथी म्हणून गळ्यात ओळखपत्र घालून कसा फिरेल? स्त्रियांना तर घरच्या परवानगीची पहिली पायरीच चढता येत नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसाआधी या विषयावर उमेदवाराशी आणि त्याला हवं असेल तर घरच्यांशी बोलणं व्हायला हवं. कुठे किती सांगायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच राहावा, आणि विचार करून मागे फिरणाऱ्याला कमीपणा वाटू नये.

आणि संस्थेचं शिक्षण. साथी नेमला की काय होतं याचे अनुभव देशोदेशी सारखे आहेत: त्याला फायली आणायला पाठवतात, टीमच्या बैठकीत बसवतात पण विचारत नाहीत, आणि एखाद्या दिवशी तो चिडला की सहकारी त्याच्या आजाराकडे बोट दाखवतात. तोच राग डॉक्टरांना आला असता तर त्याला कामाचा ताण म्हटलं असतं. यासाठी साथी येण्याआधी वॉर्डातल्या सगळ्यांचं, सुरक्षारक्षकापासून विभागप्रमुखापर्यंत, प्रशिक्षण हवं. एकट्या साथीला कुठेही नेमू नये, किमान दोघं असावेत. आणि देखरेख करणारा त्याचा उपचार करणारा डॉक्टर कधीही नसावा.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत प्रत्येकी चार साथींची पदं, नियमित वेतनावर, वर्षभराच्या प्रशिक्षणासह, एवढ्यापासून राज्य शासनाने सुरुवात करावी. अभ्यासक्रम लिहायला माणसं पुण्यात आहेत, उमेदवार प्रत्येक जिल्ह्यातल्या स्वमदत गटांत आहेत. आणि तुम्ही स्वतः या वाटेने गेला असाल, हे काम करावंसं वाटत असेल, तर आधी एखाद्या स्वमदत गटात जाऊन बसा. नेमणूक देणाऱ्या संस्थेला चार प्रश्न विचारा: पगार किती, माझ्यावर देखरेख कोण करणार, मी आजारी पडलो तर रजा आणि नोकरी यांचं काय, आणि टीमच्या बैठकीत माझ्या मताची नोंद होणार का. उत्तरं लेखी घ्या. मिळाली नाहीत तर तिथे जाऊ नका.